घर बघायचं तर शालनला न्या

रविवारी दुपारी आम्ही दोघं सोप्यात बेदाणा निवडत बसलो होतो. बाहेर चैताचं ऊन. पंखा फिरत होता, पण वारा काही अंगाला लागत नव्हता. शालन, माझी बायको, परातीत मूठभर बेदाणा घ्यायची, बोटानं काड्या बाजूला सारायची आणि चांगला तेवढा डब्यात टाकायची. माझं निम्मं लक्ष फोनात. तिनं माझ्या पुढची परात ओढून घेतली.

"तुमी निवडताय का खाताय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग डब्यात काड्याच जायच्या. पुण्यातल्या पोरी म्हंत्याल, हिच्या आजीला दिसत न्हाई."

डबा पूजासाठी होता. पूजा आमची नात. पोरगा संजय साताऱ्याला कंपनीत आहे, पूजा तिथंच शिकली. तिला पुण्यात नोकरी लागली होती. शनिवारी ती सामान घेऊन जायची होती, सोमवारी कामावर हजर. खोली तेवढी ठरायची होती. तिनंच फोनवर एक शोधली होती. मालक फौजी, नेमणूक जम्मूला, पुण्यातला फ्लॅट मोकळा. डिपॉझिट आलं की किल्ली कुरियरनं धाडतो म्हणाला. पूजानं त्याला माझा नंबर दिला, कारण मीही फौजेतलाच, हवालदार म्हणून सुटलेला. तो माझ्याशी अर्धा तास बोलला. वर्दीतला फोटो धाडला, ओळखपत्राचा फोटो धाडला. "जय हिंद हवालदार साब" म्हणाला. पेन्शनवर आल्यापासून एवढ्या अदबीनं मला कुणी हाक मारली नव्हती.

शालननं फोटो लांब धरून बघितला. "वर्दी आली. घराचं दार कुठं हाय ह्यात?"

"अगं फौजी मानूस हाय त्यो."

"असंल की. फौजी असंल. पर घर त्येचं हाय का?"

"फौजी फौजीला फसवत न्हाई."

"मग बघून येते की फौजीचं घर. उद्या पयल्या गाडीनं जाते, सांजच्याला माघारी. तवर एक रुपाया सोडू नका."

"तुला काय कळतंय ग फोनातलं?"

तिनं परात जमिनीवर दोनदा आपटली, काड्या वर आल्या, त्या फुंकून टाकल्या. दोघांनी मिळून बसून केलेलं आमचं शेवटचं काम ते.

आमच्या गावात, तासगावकडच्या पाच-पंचवीस वाड्यांत, पोरगं शिकायला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईला निघालं की माणसं आमच्या दारात यायची. माझ्याकडं नाही, तिच्याकडं. "शालनकाकू, खोली बघायची हाय, येता का?" ती लगेच हो म्हणायची नाही. आधी विचारायची, गाडीभाडं कोण देणार. मग विचारायची, जेवायला काय घेऊ. भाकरी तिचीच असायची, पण विचारायची. सत्तरी जवळ आली तरी हिरवी पिशवी खांद्याला लावून एसटीत खिडकीची जागा धरायची.

शाळा तिची दुसरीपर्यंत. वाचायची बोट ठेवून, एक अक्षर झालं की दम घ्यायची. पण घरमालकाकडं लाईटबिल मागायची. मालक म्हणायचा, "काकू, तुम्हाला वाचता येतं का?" ती म्हणायची, "न्हाई. मला जुळवाय येतं." मग बिलावरचं नाव आणि दारावरच्या पाटीचं नाव एकाखाली एक धरून एकेक अक्षर जुळवत बसायची. दहा मिनिटं लागू देत, वीस लागू देत. मालक घड्याळ बघायचा. ती बघायची नाही, तिच्याकडं घड्याळच नव्हतं.

घर बघायला गेली की आधी घरात जायचीच नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं जायची. म्हणायची, कुणाच्या घरात किती माणसं राहतात, कोण कवा आलं, कोण कवा पळालं, हे इस्त्रीवाल्याइतकं देवालाही ठाऊक नसतं. मग शेजारच्या दारात जाऊन पाणी मागायची. पाणी पिता पिता गप्पा. तिकडून बातमी घेऊन मग मुख्य घरात शिरायची, आणि मालकाला म्हणायची, "दादा, जरा लाईट लावा की."

हे कशासाठी, ते मला पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाली, "आपल्या घराचं बटन मानूस न बघता दाबतो. ज्याचं घर न्हाई, त्यो आधी भित्ताडाकडं बघतो."

घाई करणारा माणूस तिला चालायचा नाही. शेजारच्या सुतारांच्या पोरीसाठी गेली होती, तेव्हाचं सुतारीण सांगते. एजंट तरुण, डोळ्यावर काळा चष्मा. खोली दाखवून म्हणाला, "मावशी, लवकर सांगा. खाली अजून दोन पार्ट्या उभ्या आहेत. टोकन देईल त्याची खोली."

शालन म्हणाली, "मग त्यास्नी दे बाबा. उनात कशाला उभं केलंयस? आमी तवर जेवून घेतो."

आणि तिथंच जिन्यात फतकल मारून बसली. भाकरी सोडली, कांदा फोडला, ठेचा काढला. एजंट वर-खाली, वर-खाली. "मावशी, इथं जेवायला परवानगी नाही." ती म्हणाली, "मग पार्टीला म्हनावं खायाला ये, लय ठेचा हाय." पार्टी कुठली यायला? आली ती वॉचमनची बायको, ठेच्याच्या वासानं. ती विजापूरकडची. अर्धी भाकरी खाल्ली आणि खालच्या आवाजात म्हणाली, ह्या खोलीचं टोकन ह्यानं ह्या महिन्यात तिघांकडनं घेतलंय, काल एक जण भांडून गेला. शालननं हात धुतले, एजंटला हाक मारली आणि उरलेली भाकरी त्याच्या हातावर ठेवली. "खा," म्हणाली, "तुजं बी जेवान ऱ्हायलं असंल पळून पळून." सुतारीण म्हणते, त्यानं ती खाल्ली.

हे सगळं ती उगाच शिकली नव्हती. ती स्वतः फसली होती.

मी तेव्हा आसामला होतो. संजयला पुण्यात आयटीआयला प्रवेश मिळाला. पोरगं सोळा वर्षांचं, एकटं कसं ठेवायचं, म्हणून एक वर्ष त्याच्यासंगं राहायचं ठरवून ती गेली. पुण्यात चहाच्या टपरीवर एक जण खोली आहे म्हणाला. आता आपल्याकडची माणसं दुसरं काय विचारणार? तिनं पहिला प्रश्न केला, "गाव कंचं?"

"सांगलीकडचा," तो म्हणाला.

"सांगलीकडं म्हंजे तासगाव का?"

"तासगावच की."

"तासगावात कुठं? सावळजकडं?"

"सावळजकडंच."

"मग आमचं तुकामामा ठावं असतील. पैलवान व्हते बघा."

"तुकामामा? आवं मी त्यांच्या मांडीवर वाढलो."

"आगं बया! मग तुमी माझं भाऊच की!"

तो वाकून पाया पडला. आक्का म्हणाला. तिनं पैसे दिले, त्यानं किल्ली दिली, किल्लीनं कुलूपही उघडलं. अकरा दिवस माय-लेकरं राहिली. बाराव्या दिवशी खरा मालक आला. तो टपरीवरचा भाऊ म्हणजे आधीचा भाडेकरू. महिना संपायच्या आत खोली सोडून जाताना त्यानं दुसऱ्याला विकल्यासारखी देऊन टाकली होती. मालक वाईट नव्हता, सांजपर्यंत मुदत दिली. पण सांज व्हायचीच. स्टो, गादी, पोराची पुस्तकं, सगळं रस्त्याच्या कडेला.

मला पत्र आलं ते संजयच्या अक्षरात, पण बोल तिचे. "तो काहीच बोलला नाही. तुकामामा मीच सांगितले, सावळज मीच सांगितलं. तो नुसता व्हय म्हणाला." मी उलट टपाली लिहिलं, झालं ते झालं, गावात कुणाला सांगू नको.

तिनं गावात सगळ्यांना सांगितलं. पिठाच्या गिरणीत सांगितलं, देवळात सांगितलं, एसटीत अनोळखी बाईला सांगितलं. स्वतःची नक्कल करून सांगायची, "आगं बया, तुमी माझं भाऊच की!" आणि बायका हसून लोळायच्या. मी सुट्टीवर आलो तर पारावर माणसं मलाच विचारायला लागली, काय हवालदार, मेव्हणा भेटला का पुण्यातला? माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन ओरडलो, "फसलीस ती फसलीस, वर दवंडी कशाला पिटतीस? अब्रू हाय का न्हाई?"

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. "पैसं त्येनं चोरलं. मी का लाजू? मी गप बसले तर उद्या दुसऱ्या कुनाची लेक त्याच रस्त्यावर गादी घिऊन बसंल."

पुढचं साल लागलं आणि कोष्ट्यांचा पोरगा पुण्याला निघाला. त्याची आई दारात येऊन म्हणाली, "शालन, तू फसलीयास, तुला कळतंय. तू चल संगं." तिथनं हे सुरू झालं.

मी तिला देव करून सांगत नाही. चुकली पण. सांगलीच्या एका जैन व्यापाऱ्याच्या मुलासाठी गेली होती. लोक शिकलेले, मोटारीतून घेऊन गेले. घराचा मालक म्हातारा, मूळचा रहिमतपूरचा, कचेरीत कारकून होता. वरची खोली द्यायची होती. म्हणाला, डिपॉझिट नको, भाडं तुम्हाला जमेल ते द्या. शालन तिथून उठलीच. गाडीत म्हणाली, "डिपॉझिट नको म्हंतोय. म्हंजे कायतरी काळंबेरं हाय." त्या लोकांनी दुसरीकडं खोली घेतली.

वर्षभरानं दुसऱ्या कुणासाठी त्याच आळीत गेली. इस्त्रीवाल्याकडं सहज विषय काढला. इस्त्रीवाला म्हणाला, तो म्हातारा? देवमाणूस. बायको वारली, पोरं परदेशी. वर कुणाच्या तरी पायाचा आवाज यावा म्हणून खोली देत होता, पण फुकट म्हटलं की सगळे घाबरून पळतात.

पुढच्या खेपेला शालन दोन किलो बेदाणा घेऊन मुद्दाम त्याच्याकडं गेली. दारात उभी राहून म्हणाली, "दादा, मी तुमास्नी चोर समजलं. चुकलं माझं." त्यानं तिला बसवलं. चहा करतो म्हणाला, साखर शोधायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. शेवटी तिनंच उठून चहा केला.

रात्री जेवताना मला म्हणाली, "एकट्या मान्साला घर लय मोठं व्हतं बघा."

मी म्हटलं, "मग बारकं घ्यावं."

ती हसली. "तुमास्नी पलटणीत न्हेलं त्ये बरं केलं," म्हणाली. "हितं कुनी ठिवलं नसतं."

आता रविवारचं राहिलेलं सांगतो.

बेदाणा निवडून झाला. ती पुण्याच्या गाडीचं विचारायला स्टँडवर गेली. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या आणायला मी तासगावला गेलो. वाटेत त्या फौजीचा फोन आला. म्हणाला, साब, दुसरी पार्टी तयार आहे, पण आपण फौजी भाऊ, तुमच्या नातीला देणार. तासगावात पैसे पाठवायचं दुकान उघडं होतं. मी पैसे घातले. खरं सांगायचं तर पूजाच्या खोलीपेक्षा माझ्या मनात दुसरंच होतं. किल्ली कुरियरनं येईल, ती शालनच्या पुढ्यात टाकीन आणि म्हणेन, बघ, तीस वर्षं पुण्याला हेलपाटे घातलेस, मी सोप्यात बसून काम केलं.

घरी आलो. तिनं विचारलं, "मिळाल्या का गोळ्या?"

"मिळाल्या," म्हटलं.

सोमवारी सकाळी ती पुण्याला जायला उठली. आंघोळ झाली, पिशवी भरली. गॅसपाशी भाकरी करता करता खाली बसली आणि म्हणाली, छातीवर कुणीतरी बसलंय. सुतारांनी जीप काढली. मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती वाटेत बोलत होती. ड्रायव्हरला म्हणाली, "सावकास चालीव, मला काय लगीन लावायचं न्हाई." डॉक्टरांनी आत घेतलं, नळ्या लावल्या. दहाच्या सुमाराला मला आत सोडलं. तोंड सुकलं होतं, पण डोळे जागे होते.

मी तिच्या उशाशी उभा आणि माझा फोन वाजला. तोच. मी दारापाशी सरकलो. "जय हिंद साब," तो म्हणाला, "सोसायटीच्या गेटपासचे पैसे राहिलेत. ते घाला, मग किल्ली निघेल."

मी म्हटलं, "मेरी घरवाली हस्पताल में है."

तो म्हणाला, "ठीक है अंकल, लेकिन गेटपास आज ही करना पड़ेगा."

आत्तापर्यंत साब, आता एकदम अंकल. आणि कुठल्या दवाखान्यात, काय झालं, काहीच नाही. चोवीस वर्षं मी फौजेत काढली. असं कुणी सांगितलं तर शिपाई असो नाही तर साहेब, पहिला प्रश्न करतो, कौनसा हस्पताल? कोई है साथ में? तो फौजी नव्हता. त्याची तसली खोली पण नव्हती. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि मी फोन मधेच तोडला.

मागं वळलो. ती माझ्याकडंच बघत होती. नाकात नळी, तरी विचारलं, "कुनाचा फोन?"

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. ती रागावली असती. "सांगितलं व्हतं का न्हाई?" म्हणाली असती. पूजाला फोन लावायला लावला असता. मी म्हटलं, "पाव्हन्यांचा. तुजी चौकशी करत व्हते."

"मग नीट बोलायचं की," ती म्हणाली. "तोडलासा काय मदीच?"

नर्सनं मला बाहेर काढलं. पडद्याच्या फटीतून दिसली ती तेवढीच, हातानं पोटावरची चादर सारखी करत होती. साडेबाराला डॉक्टर बाहेर आले.

संजय आणि पूजा साताऱ्याहून दुपारी पोचले. सांजेला अग्नी दिला. पूजा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आजोबा, आजी आज माझ्या खोलीसाठीच निघाली होती." मी तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि तेव्हाही काही बोललो नाही. त्याचा फोन मी दोनदा लावला, बंद होता. घरात पन्नास माणसं होती आणि मला एकट्याला माहीत होतं, की शनिवारी ही पोरगी गादी आणि पेटी घेऊन एका दारापुढं उभी राहणार आहे, आणि ते दार कुणी उघडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी येरळा नदीच्या काठी रक्षाविसर्जन. आमच्याकडं त्या वेळी चार माणसं उभी राहून दोन शब्द बोलतात. बायका पण येतात. शाळेचे गुरुजी बोलले, काकूंनी गावाची पन्नास-साठ पोरं शहरात सुखरूप लावून दिली, एकही फसलं नाही. सुतार बोलले. कोष्ट्यांचा पोरगा, आता तोच पन्नाशीचा, बोलता बोलता रडला. मग गुरुजींनी विचारलं, अजून कुणाला बोलायचंय का?

नवऱ्यानं बोलायची पद्धत नाही. मी उभा राहिलो. संजयनं माझं धोतर ओढलं, "आबा, बसा."

मी म्हटलं, "गुर्जी म्हनले, एकबी फसलं न्हाई. एक फसलाय. मी. रविवारी दुपारी, तिनं नको म्हनून सांगितलेलं असताना, तिला चोरून पैसं घातलं. फौजी म्हनून फोन येतो, वर्दीचा फोटू येतो. कुनाला आला तर घालू नका. दवाखान्यात तिनं मला इचारलं कुनाचा फोन, तवा बी मी खोटं बोललो."

नदीत पाणी डबक्यापुरतंच होतं, पलीकडच्या वाळूत कुणाची तरी शेळी ओरडत होती.

मी बायकांच्या बाजूला वळलो. "पूजा, शनवारी तितं जाऊ नको. तशी खोलीच न्हाई."

ती उठून माझ्याकडं आली. गुरुजी म्हणाले, असू द्या हवालदार, होतं असं. संजय म्हणाला, असू द्या आबा. सुतार म्हणाले, असू द्या. सगळेच तसं म्हणत होते, एकामागून एक, हळू आवाजात. मी उभाच राहिलो. कुणीतरी रागावून बोलेल म्हणून वाट बघत होतो.